हारतुरे पुरे, आता पुस्तक काढा

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि त्याच सुमारास त्या खेळावरची नवी पुस्तकं दुकानांत येऊन पडतात. खेळाडूंची चरित्रं, एकाच हंगामाचा इतिहास, आकडेवारीचे ग्रंथ, कुणा जुन्या प्रशिक्षकाच्या डोक्यात काय चालायचं याची चारशे पानं. वर्षातल्या सर्वोत्तम बेसबॉल पुस्तकाला १९८३ पासून 'केसी' नावाचा पुरस्कार दिला जातो. १९७१ साली स्थापन झालेली बेसबॉल संशोधकांची एक संस्था आहे. तिचे बहुतेक सभासद पोटापाण्यासाठी भलतंच काही करतात आणि संध्याकाळी शंभर वर्षांपूर्वीच्या सामन्यांची कागदपत्रं उकरत बसतात. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, पोरांकडून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळवून घेतला. आता निवृत्त आहे, पण त्या खेळावर नवं चांगलं पुस्तक आलं की खिसा बघून मागवतो आणि वाचतो. नाशकातले ओळखीचे लोक विचारतात, "सर, आपल्याकडे हा खेळ कोण खेळतं? मग वाचता कशाला?"

हा प्रश्न मी त्यांच्याच पदरात घालतो. जे खेळ आपल्याकडे खेळले जातात, ज्यांच्या पदकांवर तुम्ही चौकाचौकांत फलक लावता, त्यांच्यावरचं शेवटचं पुस्तक तुम्ही कधी वाचलंत?

नाशिक स्वतःला वाचणाऱ्यांचं शहर म्हणवतं आणि त्याला आधार आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासून चालत आलेली. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९४२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, २००५ मध्ये केशव मेश्रामांच्या आणि २०२१ मध्ये जयंत नारळीकरांच्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना याच गावातून निघाली आणि तिच्या पुस्तकपेट्या दूरदूर गेल्या. हेच शहर खेळाडूंचंही आहे. सावरपाड्याची कविता राऊत, चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, ग्रँडमास्टर विदित गुजराथी. पण वाचणारं नाशिक आणि खेळणारं नाशिक यांची एकमेकांशी ओळख नाही. वाचणाऱ्यांना वाटतं, खेळ म्हणजे शाळेतला पी.टी.चा तास, बुद्धीच्या कामातून सुटका. खेळणाऱ्यांना वाटतं, पुस्तक म्हणजे परीक्षा. आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पुढारी हारतुरे घेऊन उभे राहतात.

कविता राऊतचंच घ्या. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वेळ होती ३३ मिनिटं ५ सेकंद. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेच अंतर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत कापलं आणि रौप्य मिळवलं. दीड महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास फरक! आणि तिथे सुवर्ण मिळवणारी केरळची प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे जेमतेम एक सेकंद होती. पंचवीस फेऱ्या झाल्या आणि अंतर उरलं एका सेकंदाचं.

हे आकडे वाचून ज्याच्या मनात प्रश्नांची रांग लागत नाही, त्याला खेळ कळलेला नाही. दिल्लीतली शर्यत इतकी संथ का गेली? पुढे जाऊन वेग वाढवायची जबाबदारी कुणीच घेईना म्हणून? की उकाड्यामुळे? ग्वांगझूमध्ये वेग कुणी लावला? शेवटच्या फेरीत प्रीजा कुठे सुटली, कवितानं कुठल्या वळणावर तिला गाठायला सुरुवात केली आणि ते पन्नास मीटर आधी का केलं नाही? नाशिकच्या भोसला मैदानावर तिच्याकडून प्रशिक्षक विजेंद्रसिंगांनी आठवड्याला किती किलोमीटर पळवून घेतलं, कुठल्या वेगानं, विश्रांती किती दिली? अमेरिकेत अशा एका शर्यतीवर तीनशे पानांचं पुस्तक निघालं असतं आणि लोकांनी ते विकत घेतलं असतं. आपण काय केलं? 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे टोपणनाव दिलं, मिरवणूक काढली आणि तिच्याबद्दलचं सगळं कुतूहल एका वाक्यात गुंडाळून टाकलं: पाणी आणायला डोंगर चढायची, अनवाणी पळायची, म्हणून जिंकली.

हे वाक्य मला संताप आणतं. त्या पाड्यांवर पाण्यासाठी डोंगर चढणाऱ्या मुली शेकड्यानं आहेत. त्या सगळ्या आशियाई पदक आणत नाहीत. कविता जिंकली ती वर्षानुवर्षं डोकं चालवून केलेल्या सरावामुळे आणि शर्यतीत घेतलेल्या निर्णयांमुळे. तिची गरिबी सांगायची आणि अक्कल सांगायचीच नाही, याला मी अपमान म्हणतो. आदिवासी मुलगी आहे, तेव्हा तिच्या पायांचं कौतुक करा, डोक्याचं कशाला, असा सरळसरळ भेदभाव त्यात आहे.

मराठीत खेळाडूंवर पुस्तकं निघतच नाहीत असं नाही. निघतात, पण ती बहुतेक 'प्रेरणादायी' नावाच्या कप्प्यात जाऊन बसतात. शंभरेक पानं, मोठा टाइप, मुखपृष्ठावर तिरंगा. बालपण हलाखीत, एक शिक्षक देवासारखा भेटतो, एक दुखापत होते, मग पदक आणि शेवटी सत्कारसमारंभाची छायाचित्रं. नाव बदललं की धावपटूचं पुस्तक पैलवानाला चालतं. या पुस्तकांत खेळच नसतो. दत्तू भोकनळवर लिहिताना दुष्काळी गाव, विहिरींच्या कामावर केलेली मजुरी आणि कोमात गेलेली आई एवढं आलं की लेखकाचं काम संपतं. पण लष्करात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर पहिल्यांदा वल्हं हातात धरलेला माणूस चार वर्षांत रिओ ऑलिम्पिकला जाऊन तेरावा कसा येतो? २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आदल्या दिवशी आजारी अंगानं एकट्याच्या शर्यतीत मागे पडलेला दत्तू दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत बसून सुवर्ण कसं मिळवतो? चार माणसांची वल्ही एका क्षणी पाण्यात पडायची तर एकानं आपली चाल किती मोडावी लागते? प्रेरणा हवी असेल तर ती इथे आहे, कामाच्या तपशिलात. हे न सांगता मुलांना 'जिद्द' शिकवणं म्हणजे पाककृती न देता भुकेल्याला जेवणाचं वर्णन ऐकवणं आहे.

विदितचं तर आणखी विचित्र. २०२३ मध्ये त्यानं ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं, आणि पहिल्या विजयात त्याची ४७ डावांची अपराजित मालिका तोडली. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला भारतानं ऑलिम्पियाडचं सुवर्ण घेतलं, त्या संघात तो होता. बुद्धिबळात प्रत्येक चाल लिहून ठेवलेली असते. लेखकाचं अर्धं काम खेळाडूनंच करून ठेवलेलं. कँडिडेट्समधल्या त्या दोन डावांवर मराठीत सविस्तर, समजावून सांगणारं लेखन झालं तर नाशिकच्या घराघरातला बुद्धिबळ खेळणारा पोरगा ते तोंडपाठ करील. त्या पोराला आज इंग्रजी वाचावं लागतं किंवा यूट्यूब बघावं लागतं.

आणि बापू नाडकर्णी? ४ एप्रिल १९३३ रोजी या गावात जन्मलेला कसोटीपटू. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली, लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. हा आकडा क्रिकेटच्या सामान्यज्ञानात आहे, म्हणून तो लोकांना पाठ आहे. पण त्याच मालिकेत कानपूरला, याच माणसानं पहिल्या डावात नाबाद ५२ आणि संघावर फॉलोऑन आल्यावर दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा काढल्या, हे नाशकात कुणाला सांगितलं तर डोळे विस्फारतात. बापू १७ जानेवारी २०२० रोजी वारले. पुस्तक नसलं की माणसाचं एवढंच होतं: एक आकडा उरतो, बाकीचा माणूस जातो. २०२५ च्या जानेवारीत अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, गर्दी झाली, खेळाडूंबरोबर फोटो काढायला झुंबड उडाली. त्या गर्दीतल्या किती जणांना बापूंचा जन्म याच गावचा हे ठाऊक होतं? दोष त्यांचा नाही. त्यांच्या हाती कुणी काही दिलंच नाही.

खेळावरचं पुस्तक नसण्याचं सगळ्यात मोठं पाप कुठे घडलं ते सांगतो, कारण तिथे मला बेसबॉल आणि आपलं क्रिकेट शेजारी शेजारी दिसतात. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि मोठ्या बेसबॉलमधली काळ्यांवरची बंदी मोडली. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्याचं आत्मकथन आलं. त्याच १९४८ सालात मराठीत विठ्ठल पालवणकर यांचं 'माझे क्रीडा-जीवन' आलं. विठ्ठल हे पालवणकर बाळू यांचे धाकटे भाऊ. बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण चर्मकार समाजातला म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. विठ्ठलना ते १९२३ मध्ये मिळालं. म्हणजे मुंबईत हिंदूंच्या संघाचा कर्णधार दलित झाला, आणि त्यानंतर सात वर्षांनी, १९३० मध्ये, आमच्या नाशकात काळारामाच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. या दोन घटना एकत्र ठेवून ज्यानं विचार केला नाही त्यानं ना क्रिकेटचा इतिहास वाचलाय, ना नाशिकचा.

रॉबिन्सनवर तेव्हापासून पुस्तकं थांबलेली नाहीत. पिढी बदलते, नवा लेखक येतो, जुनी पत्रं काढतो, नवा प्रश्न विचारतो. विठ्ठलचं पुस्तक मात्र आपण हातातून जाऊ दिलं. बाळू आणि विठ्ठल पुन्हा लोकांसमोर आले ते रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथामुळे, आणि गुहांनी आधार घेतला तो या मराठी आत्मचरित्राचा. पुस्तक आपल्या भाषेत, माणसं आपली, अन्याय आपण केलेला, आणि त्याची आठवण करून द्यायला इंग्रजी पुस्तक यावं लागलं! साहित्यात दलित आत्मकथनांचा गौरव करणाऱ्या मराठी समीक्षेनं या पुस्तकाला त्या परंपरेत किती जागा दिली? नाक मुरडलं, कारण त्यात बॅट आणि चेंडू होता.

आपल्याला कधी जमलंच नाही असं कुणी म्हणू नये. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात मराठीत दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' काढला. मल्लविद्या, लाठी, मल्लखांब, देशी-विदेशी खेळ, सगळं त्यात आणलं. महायुद्धाच्या काळात, कागदाच्या टंचाईत. त्या मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर आमच्या निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे, आणि त्यांनी सप्तशृंगगडावर साधना करून ही विद्या मिळवली अशी परंपरेची कथा आहे. १९६२ नंतर दैनिकात खेळाला स्वतंत्र पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर मूळचे नाशिकचेच. बाळ ज. पंडितांनी मराठीत समालोचन केलं, पुस्तकं लिहिली. 'षटकार'चे अंक पोरं वाट बघून घ्यायची. द्वारकानाथ संझगिरींच्या पुस्तकांना वाचक होता. करमरकर २०२३ मध्ये गेले, संझगिरी २०२५ मध्ये. त्यांच्या जागी कोण? आज मराठीत खेळाचं नवं, जाडजूड पुस्तक हातात आलं की बहुधा ते कुणा मोठ्या क्रिकेटपटूच्या इंग्रजी आत्मचरित्राचं भाषांतर असतं. स्वतः मैदानावर जाऊन, दहा माणसांना भेटून, जुने गुणतक्ते चाळून लिहिलेलं मराठी पुस्तक दिसलं तर मी दुकानदाराला दोन प्रती द्यायला सांगतो.

एका प्रकाशकांना मी विचारलं होतं. म्हणाले, "सर, खेळाचं पुस्तक विश्वचषकाच्या वेळी खपतं, एरवी कोण घेतो?" साहेब, कवितासंग्रह कुठल्या चषकाच्या वेळी खपतात? तरी तुम्ही ते काढता, आणि बरोबर करता, कारण ते साहित्य आहे असं तुम्ही मानता. खेळाला तुम्ही साहित्य मानत नाही, भेद काय तो एवढाच आहे. आजवरच्या संमेलनाध्यक्षांत केवळ क्रीडालेखनासाठी निवडलेला एकही नाही. खेळावर उत्तम लिहिणाऱ्यालाही आपण 'पत्रकार' म्हणतो आणि पुढे सरकतो.

सरकारी धोरणानं यात भर घातली. खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी योग्य आहेत, मी त्यांच्या बाजूनं भांडलो आहे. पण त्यातून पालकांच्या आणि शाळांच्या डोक्यात एकच वस्तू बसली: प्रमाणपत्र. मुलगा बेसबॉल खेळतो म्हणजे काय, तर त्याला जिल्ह्याचं, विभागाचं, राज्याचं प्रमाणपत्र मिळतं. पिचरनं कुठला चेंडू का टाकला हे त्याला सांगता येत नाही, कारण वाचायला काही दिलेलं नाही. शाळेच्या ग्रंथालयात खेळाचं कपाट म्हणजे नियमपुस्तिका आणि योगासनांचे तक्ते. आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं तर महाराष्ट्रानं पाहिलीच आहेत. ती होणारच. बेसबॉलमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या सामन्याचाही गुणतक्ता सापडतो. कोण खेळला, कितव्या क्रमांकावर, किती वेळा बाद झाला. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानं जुन्या सामन्यांची चेंडूवार नोंद गोळा करायची चळवळ सुरू केली आणि स्वयंसेवकांनी ती हजारो सामन्यांपर्यंत नेली. आपल्याकडे मागच्या वर्षीच्या जिल्हास्तरीय खो-खो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोण किती मिनिटं पळालं हे यंदा विचारा. कागद रद्दीत गेलेला असतो. जिथे नोंद नाही तिथे खोट्याला दार उघडं असतं आणि खऱ्या खेळाडूकडे दाखवायला काही नसतं.

म्हणून मी बेसबॉलची पुस्तकं वाचतो. अमेरिकेचं कौतुक म्हणून नाही. काम कसं करतात ते बघायला वाचतो. माझं सगळ्यात लाडकं पुस्तक नवं नाही, १९६६ सालचं आहे: 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स'. लॉरेन्स रिटर हा न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. १९६१ मध्ये टाय कॉब हा जुना थोर खेळाडू वारला, तेव्हा रिटरच्या लक्षात आलं की विसाव्या शतकाच्या आरंभीचे खेळाडू एकेक करून चाललेत. त्यानं टेपरेकॉर्डर घेतला, देशभर हजारो मैल फिरला, म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून काढलं आणि त्यांना बोलू दिलं. बावीस जणांची कथनं त्यांच्याच तोंडच्या भाषेत छापली. त्यातले बरेच जण तोवर विसरले गेले होते. आज बेसबॉलवर लिहिणारा प्रत्येक जण त्या पुस्तकाचं ऋण मानतो.

नाशकात प्राध्यापकांची वाण नाही. मराठीचे आहेत, इतिहासाचे आहेत, शारीरिक शिक्षणाचे आहेत. त्यांना वर्षाला शोधनिबंध छापायचे असतात आणि ते कुठल्या कुठल्या नियतकालिकांत पैसे भरून छापले जातात, कुणी वाचत नाही. त्याऐवजी यशवंत व्यायामशाळेच्या आखाड्यात पन्नास वर्षांपूर्वी मल्लखांबावर चढलेल्या माणसांना भेटा. ओझर-पिंपळगाव-सिन्नरच्या पट्ट्यातले मातीवर हुतूतू खेळलेले आणि नंतर मॅटमुळे बाहेर पडलेले खेळाडू अजून हयात आहेत, त्यांना विचारा की माती गेली तेव्हा पकडीत काय बदललं. ज्या मुली सत्तरच्या दशकात खो-खो खेळल्या आणि लग्नानंतर त्यांचं मैदान सुटलं, त्या आज आज्या आहेत. त्यांना खेळाबद्दल आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. हारतुरे नेऊ नका, वही न्या. गरिबीवर पहिला प्रश्न विचारू नका. डाव विचारा. समोरचा खांबाकडे वळला तेव्हा तुम्ही काय बघितलंत, हे विचारा. मग ते ज्या बोलीत बोलतील त्याच बोलीत छापा.

आणि वाचकांनो, तुम्हीही सुटत नाही. ग्रंथालयात मागणी नोंदवायची वही असते. तिच्यात खेळाच्या पुस्तकाचं नाव लिहा. 'माझे क्रीडा-जीवन' नव्यानं छापा, असं प्रकाशकाला पत्र टाका. मी टाकलं आहे. एका पत्रानं काही हलत नाही, दोनशे पत्रांनी हलेल.

रिटरला जड टेपरेकॉर्डर गाडीत घालून न्यावा लागत होता. तुमच्या खिशातल्या मोबाइलवर तासन्‌ तास आवाज भरता येतो. महाविद्यालयांना दिवाळीची सुट्टी लागेल. तेवढ्यात एका म्हाताऱ्या खेळाडूचं बोलणं भरून आणा, अक्षरशः उतरवून काढायला मी बसतो.